रंग जुळत नाही

या, अशा जवळ या. दारात उभं राहून ऐकलेली गोष्ट अर्धी वाऱ्यावर जाते. त्या आजोबांना भिंतीशी टेकायला जागा द्या, आणि तुम्ही इथे पुढ्यात बसा. आज तुम्हाला दोन जावांची गोष्ट सांगायची आहे.

कीर्तनकार आपल्याला माणसाचे सहा शत्रू सांगतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद यांची झाडाझडती होईपर्यंत वेळ सरते, आणि सहाव्याची पाळी येते तेव्हा मंडळी चपला शोधायला लागलेली असतात. त्यामुळे तो लेकाचा दर वेळी सुटतो. तो सहावा म्हणजे मत्सर. आज त्याला पहिल्यांदा धरू. देवाच्या कृपेने तुमच्यापैकी कुणाच्या घरी तो नसेलच; पण शेजारी नक्की असेल, तेव्हा ऐकून ठेवा.

एका वर्दळीच्या रस्त्यावर दोरे-बटणांचं एक अरुंद दुकान होतं. आत शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाला कापडाचा एक तुकडा चिकटवून त्यावर आतल्या मालातलं एक बटण शिवलेलं. शिंपल्याचं, लाकडाचं, पितळी, सैनिकी कोटाचं. खण उघडायलाच नको, बोट फिरवायचं आणि दाखवायचं, “हे.” ही अक्कल थोरल्या जावेची. खणांचा सगळा कारभार तिचा. कुणी कापडाचा तुकडा आणला की ती दोऱ्याची चार रिळं उचलायची आणि गिऱ्हाइकाला घेऊन थेट पायरीवर, उन्हात यायची. “दिवा खोटं बोलतो,” म्हणायची, “ऊन कुणाची भीड धरत नाही.” उन्हात चारातली तीन रिळं आपोआप लाजून मागे सरायची, आणि उरायचं ते बरोबर असायचं.

गल्ल्यापाशी धाकटी जाऊ. तिला खणातलं निम्मं ठाऊक नव्हतं, पण येणाऱ्याच्या पोटातलं सगळं ठाऊक असायचं.

“बटण हवंय हो, कोटाचं गेलं.”

“कोटाचं गेलं, का कोट घालणाऱ्याचं पोट आलं?”

की दुकान हसायचं. मागच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करत बसलेला थोरलीचा नवरासुद्धा तोंडातला स्क्रू काढून हसायचा. थोरली मात्र शिडीवर पाठमोरी उभी राहून खण लावत असायची. तिच्या मनाचा हिशेब साधा होता. माणसं येतात ती मालाला. हसणं म्हणजे बांधलेल्या पुडीवरची गाठ. नसली तरी माल काही सांडत नाही. पण दाराशी आलेला जो तो आधी विचारायचा, “धाकटी कुठाय?” आणि हे ऐकलं की थोरलीच्या हातातला खण जरा जोरात बंद व्हायचा. इतकंच. मत्सर अजून दारावर टकटक करत होता, आत आलेला नव्हता.

मग रस्त्याच्या टोकाला, जिथे लाकडाची वखार होती तिथे, ते भलंमोठं दुकान आलं. निळ्या पत्र्याचं, एकही खिडकी नसलेलं, पुढे गाड्या लावायला मैदान. त्याचं पाटीवरचं नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक त्याला ‘डबा’ म्हणायला लागले. “डब्यातून आणलं.” “डब्यात जाऊन येते.” तिथे दिव्यांपासून दुधापर्यंत आणि चपलांपासून चादरींपर्यंत सगळं एका छपराखाली, आणि आत शिरलं की थंडगार. त्या रस्त्यावरचा दिवेवाला आधी बसला. मग वह्या-पेनांचं दुकान. चपलावाल्याने काही महिने दम धरला, मग एक दिवस त्याच्या बंद दारावर दुसऱ्याच कसली तरी जाहिरात चिकटली. कुणी भांडलं नाही, कुणी दगड मारला नाही. गिऱ्हाईक नुसतं यायचं थांबलं, जसा पाहुणा न सांगता उठून जातो तसं.

धाकटीच्या नवऱ्याचा, म्हणजे थोरलीच्या दिराचा, टेम्पो होता. याच दुकानांचा माल ठोक बाजारातून आणून पोचवायचं त्याचं काम. दुकानंच मिटली तर माल कुणाला पोचवणार? टेम्पो घरासमोर उभा राहायला लागला. त्याच्या टपावर मांजर झोपायचं.

एका संध्याकाळी जेवताना धाकटी म्हणाली, “जाऊबाई, डब्यात माणसं घेतायत. शिवणाच्या सामानाचा एक कोपरा करणार आहेत म्हणे. मी विचारून बघू का?”

आता इथे जरा थांबा. तिने हे विचारलं, ते ‘नको’ ऐकण्यासाठी. पाण्याचा पेला ती नुसताच फिरवत होती. थोरली जर म्हणाली असती, “गप बस, दुकान कोण बघणार?” तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही आम्ही आपापल्या घरी गेलो असतो. पण थोरलीला वाटलं, ही मला दाखवतेय की बघ, माझ्यावाचून तुझं किती अडतं. ती म्हणाली, “विचार की. इथे तुझ्यावाचून काय अडलंय?”

धाकटीने पेला खाली ठेवला. “बरं,” म्हणाली.

हिरवा अंगरखा, छातीवर नावाची पट्टी. पहिल्या दिवशी परत आली ती पाय सुजवून. बादलीत पाय सोडून बसली आणि डब्याच्या गमती सांगायला लागली. तिथे बसायला स्टूलच नाही. तिथे वरून सतत गाणी वाजतात आणि मधेच एक बाई गोड आवाजात सांगते की अमुक रांगेत साबण सांडलाय. सगळे हसले. थोरलीही हसली असती, पण बोलता बोलता धाकटी म्हणाली, “आमच्याकडे ना, परत आणलेला माल हुज्जत न घालता घेतात.”

आमच्याकडे! ज्या तोंडाने काल दुकानाला ‘आमच्याकडे’ म्हणत होती, त्याच तोंडाने आज डब्याला म्हणते! थोरलीने ताटं उचलली आणि घासायला घेतली, दुसऱ्या दिवशी भांड्यांवर नक्षी राहिली नाही इतकी जोरात.

दुकानातली गर्दी ओसरली. तसा तो रस्ताच ओसरत होता, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण ऐका, डब्याचा मत्सर कसा करणार? पत्र्याच्या भिंतीचा मत्सर कुणी करतं का? डब्याला चेहरा नाही, तो कुणाशी हसत नाही, कुणाच्या मुलीची चौकशी करत नाही. त्याच्यावर जळायला जावं तर आपला धूर आपल्याच डोळ्यांत जातो. मत्सराला बसायला माणूस लागतो. तो रस्ताभर फिरला आणि येऊन धाकटीच्या मानेवर बसला.

त्यात एक दिवस मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. हातात डब्याची निळी पिशवी. आल्या, पायरीवर उभ्या राहिल्या आणि पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढून उन्हात धरून बघायला लागल्या.

“इथे काय करताय?” थोरलीने विचारलं.

“धाकटीने सांगितलं, आमच्या पायरीवर जाऊन बघा म्हणून. तिथे मेला सगळा पांढरा उजेड, काळं आणि निळं एकच दिसतं. अगं, काय हसवलं तिने आज! माझी चाळिशी कपाळावर होती आणि मी पिशवीत शोधत होते. म्हणते कशी, मास्तरीणबाई, डोळे घरी विसरलात वाटतं!”

“आम्ही काय इतकी वर्षं रडवत होतो का तुम्हाला?”

“छे गं! तुझं आपलं काहीतरीच,” म्हणून मास्तरीणबाई निघून गेल्या.

डब्याचा माल आणि माझं ऊन! थोरली मागच्या खोलीत गेली. नवऱ्याला म्हणाली, “अहो, बघितलंत? पायरीसुद्धा नेली हिने.”

नवरा यंत्राच्या चाकाला तेल देत होता. “पायरी जागेवर आहे,” तो म्हणाला. “मी सकाळीच झाडली.”

“तुम्हाला थट्टा सुचते.”

“मला नाही सुचत. सुचणारी डब्यात गेली. मी तिची शिळी वापरतोय.”

झालं. नवरासुद्धा! त्या क्षणी मत्सराने मानेवरून उतरून थोरलीच्या घरात पथारी पसरली.

एकदा धाकटीला सुट्टी होती त्या दिवशी थोरली ‘जरा बाहेर जाऊन येते’ म्हणून निघाली आणि प्रथमच डब्यात शिरली. दारावरचा पहारेकरी म्हणाला, “या मावशी.” या शब्दाचाही तिला राग आला, याची कुठली मी मावशी? आत इतका उजेड की स्वतःची सावली सापडेना. रांगा ओलांडत ती शिवणाच्या कोपऱ्यापाशी पोचली आणि थबकली.

फळीवर प्लास्टिकचे ट्रे होते. प्रत्येक ट्रेच्या तोंडाला कापडाचा तुकडा, आणि त्यावर शिवलेलं एक बटण.

तिची भिंत! कुणी आपल्या नकळत आपल्या घरातला पलंग उचलून बाजारात मांडावा, तसं तिला झालं. बटणाचा टाकासुद्धा तिच्याचसारखा आडवा-उभा. “चोर,” ती पुटपुटली. “चोर कुठली.”

बघा हं, थोरली काही वाईट बाई नव्हती. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही, आणि खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम होता. आजवर तिने गिऱ्हाइकाला ‘चालेल’ म्हणून जवळपासचा रंग कधी विकला नव्हता. आणि आता नेमकी इथेच ती अशी काही घसरली की तिच्याशिवाय दुसरं कुणी तसं घसरलंच नसतं. जेवताना धाकटी बोलली होती ते तिला आठवत होतं. परत आलेल्या मालाची नोंद त्या त्या कोपऱ्याच्या नावावर होते, आणि फार झाली की साहेब जाब विचारतो. थोरलीच्या मनात आलं, माल न्यायचा आणि परत करायचा. जाब विचारतील. कंटाळेल. नाक मुठीत धरून दुकानात परत येईल. पण परत करताना ‘कारण काय’ विचारलं तर? खोटं तर बोलायचं नाही!

मग तिने सवयीने पिशवीत असायचाच तो कापडाचा तुकडा काढला, आणि भर डब्यात उभं राहून, सगळं आयुष्य जे कसब लावून बरोबर रंग निवडला ते सगळं कसब पणाला लावून, चुकीचा रंग निवडला. ठार चुकीचा नव्हे. तसा कुणीही निवडेल. केसाइतका चुकीचा. विकत घेतला, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी धाकटी कोपऱ्यात उभी असताना, दाराजवळच्या परतीच्या खिडकीशी गेली. तिथला माणूस जांभई देत होता.

“कारण?”

“रंग जुळत नाही.”

“बरं.”

एवढंच! आणि खोटं एक अक्षर नाही! थोरली बाहेर आली तेव्हा तिला हलकं हलकं वाटत होतं. पाप करून पुण्याची पावती घेतल्यासारखं.

मग तिला त्याचं व्यसनच लागलं म्हणा ना. कधी दोरा, कधी चेन, कधी अस्तराची पट्टी. प्रत्येक वेळी तुकडा बरोबर, प्रत्येक वेळी रंग केसभर इकडे किंवा तिकडे, आणि प्रत्येक वेळी तेच खरं वाक्य. खिडकीवरचा माणूस तिला ओळखायला लागला. एकदा म्हणाला, “मावशी, तुमचा रंग काही जुळेना.” ती म्हणाली, “जुळेल. वेळ लागतो.”

घरी धाकटी गप्प होत चालली. एकदा जेवताना म्हणाली, “जाऊबाई, लोक माल परत आणतात हो. रंगाचीच तक्रार. मी तर जपून देते.”

“दिवा खोटं बोलतो,” थोरली ताटातून मान वर न करता म्हणाली.

“मलाही तसंच वाटलं होतं. पण आता वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय.”

थोड्याच दिवसांत धाकटी चष्मा लावून घरी आली. बारीक सोनेरी काडीचा. दाखवायला लागली. “डोळ्यांच्या डॉक्टरांना म्हटलं, मला रंग कळेनासे झालेत. ते म्हणाले, फारसं काही नाही, थोडा नंबर आहे. म्हटलं, देऊन टाका.”

दीर म्हणाला, “मास्तरीण दिसतेस अगदी.”

डोळे बरे आहेत तिचे, मला माहीत आहे. हे वाक्य थोरलीच्या जिभेपर्यंत आलं होतं. पण त्याच क्षणी तिच्या नवऱ्याने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हटलं, “शोभतो हो धाकटे तुला चष्मा.” आणि खरंच शोभत होता. मेलीला आजारपणसुद्धा शोभावं! थोरलीने ते वाक्य घोटाबरोबर गिळलं.

धाकटीच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती पुन्हा डब्यात गेली.

आणि मग एक दिवस तो कोपराच नव्हता. साहेबाने जाब वगैरे काही विचारला नाही. जाब विचारायलाही थोडी माया लागते. वरून निरोप आला की या सामानात परतीचं प्रमाण जास्त, विक्री थोडी, जागा फार खाते. दुपारपर्यंत ट्रे उचलले गेले आणि तिथे रंगीत प्लास्टिकच्या बादल्या रचल्या. धाकटी संध्याकाळी शिवलेल्या बटणांचे ते कापडी तुकडे पिशवीत घालून घरी आली. “फेकत होते,” म्हणाली. “म्हटलं, द्या मला.”

“मग आता?” थोरलीने विचारलं. तिला आतून आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

“सांगतो म्हणालेत.”

दुसऱ्या दिवशी थोरलीने दुकान असं झाडलं, जणू पाहुणे यायचेत. गल्ल्यापाशी स्टूल पुसून ठेवलं. चहाला दोन कप काढले. आता येईल. स्वतःहून म्हणेल, जाऊबाई, येऊ का दुकानात? मग मी जरा वेळ विचार केल्यासारखं करीन आणि म्हणेन, ये. असं तिने मनात लिहून ठेवलं होतं. आणि घरी धाकटी वाट बघत होती की आता तरी थोरली म्हणेल, चल दुकानात. दोघी एकमेकींचं तोंड बघत राहिल्या आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. दिवस जात राहिले. बरं, डब्यातला कोपरा गेला म्हणून गिऱ्हाइकं तरी वळावीत? तीही नाहीत. थोरली शिडीवर चढायची, खण पुसायची, उतरायची.

अखेर मास्तरीणबाई आल्या. थोरली घाईघाईने पायरीवर आली. “या, या! काय हवंय? तुकडा आणलात?”

“काही नको गं. सहज चालले होते.” त्यांच्या अंगावर नवा कोरा कोट होता. “जुन्याची दोन बटणं गेली. म्हटलं डब्यात जावं, तर तो कोपराच काढलाय. तिथेच हा कोट टांगलेला होता, घेतला. आता इतका स्वस्त मिळतो तर बटणं कोण लावत बसणार?”

“पण मी होते की इथे!”

“हो गं, तू आहेसच.” मास्तरीणबाई जरा ओशाळल्या. “खरं सांगू? धाकटी होती तोवर शिवायची आठवण राहायची. तिला भेटायचं म्हणून काहीतरी उसवलेलं शोधून काढायचे मी. आणि तिथे उभी राहून तुझं काय कौतुक करायची! कुणी म्हणालं ना, काय छान मांडलंय, की लगेच सांगायची, ही अक्कल माझ्या जाऊबाईंची, मी नुसती नक्कल. आणि नाजूक रंग असला तर सांगायची, त्यांच्याकडे जा, त्यांच्यासारखी नजर नाही कुणाची. तुला ठाऊक नव्हतं?”

थोरली पायरीवर बसली. उन्हातच. मास्तरीणबाई गेल्या तेही तिला कळलं नाही. जरा वेळाने उठली, नवऱ्याला म्हणाली, “दुकान बघा,” आणि घरी निघाली. वाटेत ती वाक्य जुळवत होती. चल दुकानात. नाही, चल गं दुकानात. नाही, मला तुझ्यावाचून करमत नाही. शेवटचं वाक्य तिच्या तोंडातून आयुष्यात कधी निघालं नव्हतं; तिने ते वाटेत दोनदा हलक्या आवाजात म्हणून पाहिलं.

घरात शिरली तर धाकटी जमिनीवर चादर पसरून त्यावर भांडी मांडत होती.

“हे काय?”

“बरं झालं आलात. सकाळी निरोप आला. दूरच्या गावी नवा डबा उघडतोय. मला तिथे घेतायत, आणि ह्यांना त्यांच्याच गोदामात गाडी चालवायला. राहायला खोली आहे. मी हो म्हणून टाकलं, जाऊबाई.”

“नाही म्हण.”

“आता कसं?”

“दुकानात ये. स्टूल पुसून ठेवलंय मी.”

“हे काल म्हणाला असतात तर?” धाकटी हळूच म्हणाली. “मी रोज वाट बघत होते हो. म्हटलं, जाऊबाईंचं अडत नसेल माझ्यावाचून.”

आता थोरलीपुढे दोन वाटा होत्या. गप्प राहावं, तर धाकटी जाईल पण प्रेमाने जाईल. बोलावं, तर जाताना मन मोडून जाईल. तुम्ही काय केलं असतं, मनातल्या मनात ठरवा, मोठ्याने सांगू नका. थोरलीचा खोटं न बोलण्याचा नेम तिनेच आतून इतका पोखरला होता, की आता त्याची तिला स्वतःलाच किळस आली. ती भिंतीला धरून खाली बसली.

“माल परत आणणारी मी होते.”

“कुठला माल?”

“सगळा. दोरे, चेना. रंग मुद्दाम चुकीचा निवडायचे आणि परत करायचे. लोक तुझ्याकडे जातात, हसतात, मला बघवेना. वाटलं, कंटाळून परत येशील.”

धाकटी आधी हसलीच. तिला वाटलं थट्टा आहे. मग थोरलीचा चेहरा पाहून तिचं हसू तोंडावरच वाळलं. तिने चष्मा काढला, हातात धरला.

“म्हणजे माझे डोळे बरे होते?”

“बरे होते.”

“मी त्या दिव्यांखाली उभी राहून रडायचे, जाऊबाई. वाटायचं, इतकी वर्षं तुमच्या हाताखाली राहिले आणि काळा-निळाही ओळखता येत नाही मला. कुणी पिशवी घेऊन रांगेतून येताना दिसलं की दिलेला रंग मनात पुन्हा पुन्हा तपासायचे. आणि ते तुम्ही होतात?”

थोरलीने मान हलवली.

“माझ्याशी भांडायचं होतंत! झिंज्या धरायच्या होत्यात माझ्या! घरात काय कमी जागा होती?” धाकटीचा आवाज चढला होता. असा चढलेला थोरलीने कधी ऐकला नव्हता. चादरीची दोन टोकं तिने आवळली. “मी रागावलेय. आणि पुष्कळ दिवस रागावणार आहे, सांगून ठेवते. माफ कर वगैरे आत्ता म्हणू नका, मला ऐकवणार नाही.” तिने नाक पुसलं. “ती दुसरी टोकं धरा. गाठ मारायची आहे.”

थोरलीने टोकं धरली.

टेम्पो भरला गेला तेव्हा सगळा रस्ता, म्हणजे रस्त्यात जो उरला होता तो, दाराशी आला होता. धाकटीने सगळ्यांना हसवलं. थोरल्या दिराला वाकून नमस्कार केला. थोरलीलाही केला, पण डोळ्याला डोळा दिला नाही. टपावरचं मांजर उतरायला तयार नव्हतं, त्याला धाकटीच्या नवऱ्याने उचलून थोरलीच्या हातात दिलं, आणि टेम्पो गेला.

दुकान अजून आहे. थोरली आता गल्ल्यापाशी बसते. तिने माणसांना हसवायचा प्रयत्नही केला. एकाला म्हणाली, “कोटाचं गेलं, का पोट आलं?” तर तो बिचारा नुकताच दुखण्यातून उठलेला, काडीसारखा. तिने तो नाद सोडला. मग आलेल्याला नुसतं विचारायला लागली, “बरे आहात ना?” आणि विचारून उत्तर ऐकून घ्यायला लागली. हेही तिला नवंच होतं. एखाददुसरा थांबतो. फार नाही.

दर आठवड्याला धाकटीचा फोन येतो. थोरलीच्या नवऱ्याला. ‘जाऊबाई बऱ्या आहेत ना?’ असं ती विचारते, नेमाने विचारते; पण ‘त्यांना द्या’ म्हणत नाही. अजून म्हणालेली नाही. थोरली तेव्हा जवळच उभी असते, हातात उगीच एखादा खण घेऊन. पलीकडून धाकटी काहीतरी सांगते, नवरा डोळे मिटून हसतो, आणि त्याच्या कानापाशी तिचं ते हसणं थोडंसं बाहेर सांडतं. फार बारीक. तेवढं थोरली टिपून घेते. आणि खरं सांगू, तिला नवऱ्याचा मत्सर वाटतो. इतका वाटतो, की त्याच्या हातातून तो फोन हिसकावून घ्यावा. पण ती घेत नाही. खण जागेवर ठेवते, हळू, आवाज न करता, आणि पुढच्या आठवड्याची वाट बघते.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. तुम्हाला घरी जायचं आहे, मला ठाऊक आहे. जाताना एक मागणं आहे. धाकटीला लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही. तसली माणसं आपोआप लक्षात राहतात, त्यांच्यासाठी कुणी सांगावं लागत नाही. आज देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी जरा थांबा आणि फोनच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या थोरलीची आठवण करा. तिची कुणी करत नाही.